डबा प्रवासात आहे

त्या दिवशी सकाळी मी त्र्याऐंशी टक्के होते.

"त्र्याऐंशी," सुयोग म्हणाला. तो चहा गाळत होता आणि फोन साखरेच्या बरणीला टेकवून ठेवलेला होता. "काल पंच्याऐंशी होतीस. दोनच उतरले. बरंय."

"मी नाही, डबा," मी म्हणाले.

"तेच गं."

तेच नव्हतं. पण रोज सकाळी उठून कोण भांडणार? माझा नवरा पूर्वी उठल्यावर आधी मला हाक मारायचा, मग खिडकी उघडायचा. ऑगस्टपासून तो आधी 'मागोवा' उघडत होता.

'मागोवा' हे सरकारी अॅप. ज्यांना ते कधी फोनमध्ये घ्यावं लागलं नाही त्यांनी देवापुढे दिवा लावावा. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बलात्काराची तक्रार झाली की दवाखान्यात नर्स अंगावरचे नमुने घेते. कापसाच्या काड्या, कपडे, नखांखालचा मळ. ते सगळं वाळवून, पाकिटांत भरून पुठ्ठ्याच्या एका डब्यात जातं. डबा पोलिसांकडे जातो आणि पोलिसांकडून प्रयोगशाळेत. पूर्वी हे डबे पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत वर्षानुवर्षं पडून राहायचे. वरून गळायचं, खालून उंदीर कुरतडायचे. खटला उभा राहीपर्यंत डब्याचं काय झालं हे कुणालाच सांगता यायचं नाही. मग मोर्चे निघाले, याचिका झाल्या आणि शेवटी 'पुरावा मागोवा कायदा' आला.

कायदा शहाणा होता, हे मी आजही म्हणते. प्रत्येक डब्याच्या सीलमध्ये चिप. डबा कुठे आहे, कुणी उचलला, हे बाईला घरबसल्या फोनवर दिसणार. डबा एका जागी वीस दिवसांपेक्षा जास्त पडून राहिला, तर त्या जागेचा अधिकारी लाल यादीत आणि त्याची पगारवाढ बंद. मग तो पोलीस असो की प्रयोगशाळेतला.

शिवाय डब्यावर जुळी पट्टी, आणि खरा शोध तोच. डीएनए ही एक लांबलचक माळ असते. उष्णता आणि ओल लागली की ती तुटत जाते, आणि फार तुटली की ती कुणाची हे ओळखता येत नाही. आता डबा न उघडता आतली माळ किती तुटली हे कळणार कसं? तर शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत घडवलेली, कुठल्याच माणसाची नसलेली एक माळ पातळ पट्टीत भरली आणि ती डब्याला चिकटवली. डब्याला ऊन लागलं तर पट्टीलाही लागणार. आतली माळ तुटेल तशी पट्टीतलीही तुटणार. तुटलेल्या माळेतून वीज वेगळी वाहते. चिप ती मोजते आणि रोज सकाळी फोनवर आकडा पाठवते. शंभर म्हणजे ताजा. साठच्या खाली गेला की डबा 'अवैध' आणि खटल्यातून आपोआप बाद. नमुना खराब होता की नव्हता यावर वकिलांनी वर्षं घालवू नयेत, म्हणून त्यावर दाद मागायची सोयसुद्धा ठेवलेली नाही.

मी आमच्या अंबेखेडच्या दूध संघात गुणवत्ता तपासनीस आहे. नमुना कसा घ्यायचा आणि कसा जपायचा, हेच माझं काम. संघाच्या टँकरांचा ठेकेदार राजवर्धन इंगवले याने शीतकरण केंद्रामागच्या खोलीत माझ्यावर जबरदस्ती केली, तेव्हाही मी घरी जाऊन अंघोळ केली नाही. तशीच दवाखान्यात गेले. त्या खोलीत तिसरं कुणी नव्हतं. इंगवले म्हणत होता, मी त्या दिवशी तिला पाहिलंही नाही. त्याचा शब्द आणि माझा शब्द, आणि मध्ये हा एक डबा.

इंगवले चार दिवसांत जामिनावर सुटला. गणपतीत त्याच्या मंडळाची आरती त्याच्याच हातून झाली. मी रजेवर आणि टँकर त्याचे चालू. संघाचे चेअरमन म्हणाले, "रिपोर्ट येऊ द्या, मग बघू." शेजारणी, नणंद, दिरांचे मित्र, सगळे एकच बोलत होते. रिपोर्ट येऊ द्या.

रिपोर्ट येत नव्हता, पण डबा हलत होता. नकाशावरचा तो हिरवा ठिपका कधी अंबेखेडच्या ठाण्यात, कधी धामणगडच्या विभागीय प्रयोगशाळेपाशी, कधी मधल्या रस्त्यावर. सुयोगला त्याचं भारी कौतुक. "बघ, हलतोय. म्हणजे काम चाललंय," म्हणायचा. मलाही पहिले काही आठवडे तसंच वाटलं. पण धामणगडला पोचलेला डबा परत का येतो? दूध डेअरीत गेलं की परत गोठ्यात येतं का?

मी हेल्पलाइनला फोन लावला. एक गोड यांत्रिक बाई म्हणाली, "अभिनंदन. आपला डबा प्रवासात आहे. आपला डबा एका जागी पडून नाही. आपण समाधानी असाल तर एक दाबा." समाधानी नसाल तर काय दाबायचं, हे ती सांगेना. मी शून्य दाबलं, नऊ दाबलं, सगळी बटणं दाबून पाहिली. तिने माझं पुन्हा अभिनंदन केलं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मी ठाण्यात गेले. आपला डबा डोळ्यांनी पाहण्याचा हक्क कायद्याने बाईला दिलेला आहे. कुणी वापरत नाही एवढंच. मुद्देमालाचे हवालदार गुलाबराव ढेपे. पन्नाशीचे, टापटीप, खिशाला दोन पेनं. हक्काचं नाव काढताच त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मागच्या अंगणात नेलं. तिथे पत्र्याची पांढरी व्हॅन उन्हात उभी होती. बॉनेटवर झेंडूची माळ, काचेला लिंबू-मिरची.

"आमच्या ठाण्याची प्रलंबित संख्या शून्य हाय बरं का, ताई," दार उघडत ढेपे अभिमानाने म्हणाले. "सगळ्या जिल्ह्यात पयला नंबर. एक डबा पडून न्हाई."

आतून भट्टीसारखी झळ आली. फळ्यांवर डबे ओळीने लावले होते आणि प्रत्येक डब्यावर कुंकवाचं एकेक बोट होतं.

"हे काय?"

"खंडेनवमीला पूजा केली ना शस्त्रांची. म्हटलं, डब्यांनी काय पाप केलंय? तेबी आपलं कामाचंच हत्यार." त्यांनी माझा डबा काढून दाखवला. सीलच्या शेजारी पट्टी, पट्टीच्या शेजारी ठसठशीत कुंकू. हसावं की रडावं कळेना. ज्या डब्यात माझी फाटलेली कुर्ती होती, त्याला ह्या भल्या माणसाने हळदीकुंकू वाहिलं होतं. आणि मनापासून वाहिलं होतं, हाच त्यातला ताप.

"हवालदारसाहेब, हे डबे व्हॅनमध्ये का? खोलीत का नाहीत?"

"खोलीत ठिवले की वीस दिवस मोजायला लागतंय यंत्र. मंगळवारी धामणगडला न्यायचं. ते म्हनतात जागा न्हाई. मग परत आनायचं. दारातून भाईर पडला की मोजनी पुन्यांदा एकपासून."

"आणि ते का घेत नाहीत?"

"त्येंनी घेतला की त्येंचे वीस दिवस सुरू हुतात की! मशीन दोन, मानसं तीन. तपासून झाला न्हाई तर त्ये लाल यादीत. म्हनून त्येबी हिरवे, आमीबी हिरवे."

"आणि डबा?"

"डबा प्रवासात." त्यांनी हात पसरले. "रस्त्याला कायद्यात कलमच न्हाई, ताई. रस्ता म्हंजी जागा न्हाई."

मी डोक्याला हात लावला. डबा पडून राहू नये म्हणून कायदा केला आणि आमच्या लोकांनी तो शब्दशः पाळला. पडू दिलाच नाही. वरातीच्या घोड्यासारखा गावभर फिरवला.

मग मला आणखी एक गोष्ट दिसली. पट्टी डब्याच्या झाकणावर, बाहेरून लावलेली होती. दुपारचं ऊन पत्र्याला आणि पत्र्याची धग पहिली पट्टीला. आतले नमुने पुठ्ठ्याच्या आत, कागदी पाकिटांत, कोरडे. आमच्या टँकरच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसतो आणि आतलं दूध गार असतं. मी रोज मोजते. म्हणजे पट्टी डब्याची खबर देतच नव्हती, ती व्हॅनच्या टपाची खबर देत होती. आणि कायदा पट्टीचं ऐकणार होता.

"पट्टी आत असायला हवी होती," मी म्हणाले.

"आत लावली तर यंत्राला वाचायची कशी?" ढेपे म्हणाले. "वरून आलेली रचना हाय, ताई. निदान सावलीत उभी करतो आजपासून, तुमच्यासाठी." त्यांनी खरंच व्हॅन कडुनिंबाखाली घेतली. पण ऑक्टोबरचं ऊन ते, कडुनिंबाला काय जुमानतंय?

मी अर्ज केले. ठाण्याला, अधीक्षकांना, प्रयोगशाळेला, अॅप चालवणाऱ्या खात्याला. पट्टी चुकीच्या जागी आहे, डबा उघडून आतला नमुना एकदा तपासा, निदान व्हॅन उन्हात उभी करू नका. उत्तरं झटपट आली. सगळ्यांचा मजकूर एकच. आपला डबा प्रवासात आहे.

आकडा सत्तरवर आला, मग सहासष्टवर. आमच्या घरात आकड्याप्रमाणे हवा बदलायला लागली. एका टक्क्याने उतरला तर सुयोग भाजीला जाताना गुणगुणायचा. तीन टक्क्यांनी उतरला तर जेवताना ताटाकडे बघत राहायचा. मला बरं वाटतंय का, झोप लागली का, हे त्याने विचारणंच सोडलं होतं. त्याला वाटायचं, ते फोनवर दिसतंच आहे.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "शर्वरी, साठच्या खाली गेला तर?"

"तर बाद."

"मग लोक म्हणतील, काही नव्हतंच."

"लोक काय आत्ताही म्हणतात."

तो ताटातल्या शितांशी खेळत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण समजा तपासला, तर... डब्यात निघेल ना काही?"

मी ऐकलं ते खरं वाटेना. लग्नाला सात वर्षं. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर माझा हात धरून बसलेला हा माणूस. तेव्हा त्याला काही तपासायचं नव्हतं. आकडा सहासष्टवर आला आणि त्याच्या मनातलीही माळ तुटायला लागली.

"तुला शंका आहे?"

"शंका नाही गं. मी फक्त..."

"तू फक्त काय? मी शंभर टक्के असताना विश्वास शंभर, मी सहासष्ट झाले की सहासष्ट? साठला काय करणार आहेस, घराबाहेर काढणार?"

"असं कुठं म्हणालो मी?"

"मी डबा नाही, सुयोग!"

इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरचा टीव्ही बंद झाला. सुयोग उठला, दोघांची ताटं घेऊन मोरीपाशी गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला. मला त्याची कीव आली आणि त्या कीव येण्याचाच संताप आला. ज्याने केलं तो टँकर पळवतोय, आणि आम्ही दोघं एकमेकांना खरवडत बसलोय. सगळा राग चुकीच्या माणसावर निघत होता. बरोबर माणसापर्यंत पोचायचा रस्ता एकच होता, आणि तो पत्र्याच्या व्हॅनमध्ये तापत होता.

मंगळवारी आकडा एकसष्ट होता. मी स्कूटर काढली आणि व्हॅनच्या मागोमाग धामणगडला गेले.

प्रयोगशाळेत नमुने स्वीकारायची खिडकी आहे. तिच्यासमोर आसपासच्या जिल्ह्यांतले पोलीस डब्यांची टोपली घेऊन रांगेत उभे होते. भाजीबाजारात असावी तशी वर्दळ. खिडकीत टेकाळे मॅडम. चष्मा, घामेजलेला चेहरा, समोर छोटा पंखा.

"जागा नाही," त्या ढेप्यांना म्हणाल्या. टोपलीकडे त्यांनी पाहिलंही नाही. "पोच घ्या आणि जा."

मी पुढे झाले. "मॅडम, त्यातला एक डबा माझा आहे. आज एकसष्ट आहे. उद्या दुपारपर्यंत बाद होईल. एवढा एक घ्या."

टेकाळे मॅडमनी चष्मा काढला. बाईचा आवाज ऐकायची त्या खिडकीला सवय नसावी. "बाई, मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? आत तीन माणसं आहेत. तुमचा घेतला तर आतला एक लाल होतो. तोही कुणाचातरीच आहे ना?"

मी बाजूला झाले. तेवढ्यात धापा टाकत एक शिपाई आला. त्याच्या हातातला डबा सतत कर्कश वाजत होता. मोटरसायकलवरून पडून त्याचं सील फाटलं होतं. टेकाळे मॅडम ताडकन उठल्या, आतलं दार उघडलं, डबा दोन्ही हातांनी घेतला आणि ओरडल्या, "सीलभंग! मशीन मोकळं करा!"

पाच मिनिटांनी त्या घाम पुसत जागेवर आल्या.

"तो कसा घेतला?" मी विचारलं.

"सीलभंग होता."

"म्हणजे?"

"सील फाटलं की सरकारी पुराव्यात ढवळाढवळ झाल्याचा संशय. स्वतंत्र गुन्हा. आतला माल बदलला का, हे चोवीस तासांत तपासून कळवावंच लागतं. बाईचा नमुना, आरोपीचा नमुना आमच्या साठ्यात असतोच, त्यांच्याशी ताडून बघायचं. त्याला वीस दिवस वगैरे काही नाही. चोवीस तास म्हणजे चोवीस तास."

"मग त्या बाईचा खटला?"

"सील फाटलं म्हणजे त्या खटल्यातून डबा बाद. हा रिपोर्ट फक्त सीलभंगाच्या फाइलीत."

मी तिथेच पायरीवर बसले. बाईच्या अंगाशी ढवळाढवळ झाली तर रांग. सरकारच्या कागदी चिकटपट्टीशी झाली तर मशीन मोकळं करा. मी रागावले नाही, हिशेब मांडला. डबा ठेवला तर उद्या बाद. फाडला तर आज बाद. फरक एवढाच, की फाडला तर तो उघडणार होता. कुणीतरी माणूस आत डोकावून बघणार होतं आणि काय दिसलं ते लिहून ठेवणार होतं.

मी उठले. "हवालदारसाहेब, मला माझा डबा पाहायचाय. हक्क आहे माझा."

"आत्ता? हितं?" ढेपे म्हणाले; पण हक्क म्हटल्यावर त्यांचा इलाज नव्हता. त्यांनी डबा काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. कुंकू अजून तसंच. वर कॅमेरा होता, मागे रांग होती. मी झाकण दाबून धरलं आणि सीलचं टोक नखाने उचकटून एका झटक्यात फाडलं.

डबा किंचाळायला लागला.

"ताई!" ढेप्यांचा आवाज चिरकला. "अवो काय केलं हे! माझी नोकरी..."

"तुमच्या नोकरीला काही होणार नाही. सगळ्यांनी पाहिलंय, कॅमेऱ्याने पाहिलंय. मी फाडलं. मी, शर्वरी सुयोग लोमटे." मग खिडकीकडे वळून म्हणाले, "मॅडम, सीलभंग आहे. चोवीस तास."

टेकाळे मॅडमनी दार उघडलं आणि डबा दोन्ही हातांनी घेतला. ओरडल्या मात्र नाहीत. हळूच म्हणाल्या, "मशीन मोकळं करा रे."

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी तीन वाजता आला. सील फाडण्याखेरीज डब्यातल्या कशालाही हात लागलेला नाही. पट्टी साठ दाखवत असली तरी आतले नमुने उत्तम स्थितीत. त्यातला पुरुषाचा डीएनए आरोपी राजवर्धन इंगवले याच्या नमुन्याशी जुळतो.

मला विनामूल्य मिळालेल्या वकील बेडगेताईंच्या ऑफिसात मी तो वाचला आणि हुंदका आला. सुयोग शेजारी होता. त्याने कागद वाचला, खाली ठेवला, पुन्हा उचलून वाचला.

"शर्वरी," तो म्हणाला, "मी तुला विचारलं ते..."

"आत्ता नको," मी म्हणाले. त्याने फोन काढून माझ्यासमोर 'मागोवा' पुसून टाकलं. मी त्याला माफ केलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एका कागदाने त्याचा विश्वास परत आला, आणि तो कागदाने आला हेच मला सलतं.

बेडगेताईंनी टेबलावर पेन आपटलं. "इतका चांगला रिपोर्ट मी वर्षभरात पाहिला नाही. आणि कुठं आहे? तर तुमच्याविरुद्धच्या फाइलीत! इंगवलेच्या खटल्यात डबा बाद. त्याच्या वकिलाने आरोपातून सोडा म्हणून अर्जही टाकलाय."

"आणि माझं?"

"पुराव्यात ढवळाढवळ. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण पहिला गुन्हा, परिस्थिती अशी. तुम्ही उभ्या राहा, गुन्हा कबूल म्हणा. न्यायाधीश थोडा दंड करतील आणि दहा मिनिटांत घरी."

"कबूल म्हटलं तर रिपोर्टचं काय होतं?"

"काही नाही. कबुली आल्यावर पुरावा कशाला लागतो? फाइल बंद."

"आणि कबूल नाही म्हटलं तर?"

"तर सरकारला शाबीत करावं लागेल. डबा कुणाचा, त्यात काय होतं, ते बदललेलं नाही कशावरून, सगळं. साक्षीदार, रिपोर्ट, ओळ न् ओळ." बोलता बोलता बेडगेताई थांबल्या. मग सावकाश म्हणाल्या, "शर्वरी, एक लक्षात घ्या. त्या खटल्यात तुमचं नाव कुणी घेत नाही, दार बंद करून काम चालतं. ते संरक्षण पीडितेला आहे. इथे तुम्ही आरोपी. दार उघडं, नाव बोर्डावर. कोण बाई आणि तिच्याबाबतीत काय झालं, सगळ्या गावाला कळेल. आणि हरलात, तर तुरुंग."

सुयोग म्हणाला, "कबूल म्हणून टाक. खूप झालं आता. आपण दुसऱ्या गावी जाऊ."

मी रिपोर्टचा कागद पुन्हा उचलला.

तारखेला कोर्टाबाहेरच्या बोर्डावर माझं पूर्ण नाव होतं. शासन विरुद्ध शर्वरी सुयोग लोमटे. तिकडच्या खटल्यात मी नुसती 'पीडित क' होते. पलीकडच्या कोर्टात इंगवलेचा अर्ज त्याच दिवशी लागला होता. तो व्हरांड्यात पाच-सहा दोस्तांबरोबर उभा होता, पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. संघाचे चेअरमनही होते. मला पाहून त्यातला कुणीतरी हसला.

माझं नाव पुकारलं. मी पिंजऱ्यात गेले. न्यायाधीश तरुण होते. आवाज सौम्य. "तुम्ही सील फाडल्याचं चित्रण आहे, चाळीसेक साक्षीदार आहेत. गुन्हा कबूल आहे?"

बेडगेताईंनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या बाकावर सुयोग खाली मान घालून बसला होता.

"नाही," मी म्हणाले.

सरकारी वकील वळून बघायला लागले. न्यायाधीशांना वाटलं मी नीट ऐकलं नाही. "बाई, सगळं कॅमेऱ्यात आहे. नाही म्हणालात तर सगळा पुरावा इथे मांडावा लागेल. वेळ जाईल. निकाल विरुद्ध गेला तर सवलत मिळेलच असं नाही. तुम्हाला हे समजतंय ना?"

"समजतंय, साहेब. मांडू दे."

पुढच्या तारखांना ढेपे आले, टेकाळे मॅडम आल्या. आणि ज्या सरकारला माझा डबा उघडायला महिनोन् महिने फुरसत झाली नव्हती, तेच सरकार आता हिरिरीने शाबीत करायला लागलं, की तो डबा माझाच, कुर्ती माझीच, आतलं सगळं जसंच्या तसं. इंगवले आरोपातून सुटला होता आणि दर तारखेला व्हरांड्यात येऊन उभा राहत होता. माझी फजिती बघायला यायचा. त्याचे दोस्त असायचे, चेअरमन असायचे, मी कोण हे कळल्यामुळे गावातले रिकामटेकडेही यायचे. दाराशी गर्दी मावत नसे.

शेवटी रिपोर्टाची पाळी आली. टेकाळे मॅडमनी शपथ घेतली. सरकारी वकील म्हणाले, "निष्कर्ष वाचून दाखवा."

त्या हळू आवाजात वाचायला लागल्या. नमुन्याचा प्रकार, तपासणीची पद्धत, मग इंगवलेच्या नमुन्याशी तुलना. व्हरांड्यात कुणीतरी कशावर तरी हसलं.

मी हात वर केला. आरोपीने असं मध्ये बोलायचं नसतं, बेडगेताई मला खालून खुणावत होत्या.

"साहेब," मी म्हणाले, "मॅडमना जरा मोठ्यानं वाचायला सांगा. बाहेर ऐकू जात नाहीये."